पंधरा अंशांचे आभाळ

जिंतूरला विमानतळ नाही. रेल्वेही नाही; गाडी धरायची तर परभणी नाहीतर सेलू गाठावे लागते. अशा गावात बसून वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी वातावरणावर पुस्तक लिहिणे हा जरा आगाऊपणाच. पण विषय हवेचा आहे, आणि हवा तेवढी तालुक्याच्या गावालाही पूर्ण उंचीची मिळाली आहे. तिच्यात कुणी अनुशेष ठेवलेला नाही.

पुस्तकाला निमित्त झाले एका प्रश्नाचे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे. वर्गातला एक मुलगा शिकाऊ वैमानिकाच्या परवान्याची तयारी करत होता. सोळा वर्षे पूर्ण झाली की तो काढता येतो, हेही मला त्याच्याकडूनच कळले. त्याने कुठून तरी मिळवलेल्या इंग्रजी पुस्तकाचे पहिले प्रकरण वातावरणाचे होते. पहिल्याच पानावर चौकटीत आकडे दिले होते: समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब १०१३.२५ हेक्टापास्कल, घनता दर घनमीटरला १.२२५ किलो, आणि वर जाताना दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरणार. एप्रिल संपत आला होता. वर्गातला पंखा गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत होता. मुलाने चौकटीवर बोट ठेवून विचारले, "सर, हे गाव कुठलं?"

हे गाव नकाशात नाही. पहिल्या महायुद्धानंतर विमाने देशोदेशी जाऊ लागली तेव्हा एका सामाईक मापाची गरज पडली. एकाने विमानाची चाचणी हिवाळ्यात घेतली, दुसऱ्याने उन्हाळ्यात. पहिल्याचे विमान भराभर चढले तर त्यात इंजिनाची करामत किती आणि थंड हवेची किती, हे ठरवायचे कसे? शिवाय विमानातला उंचीमापक हा मुळात दाबमापकच. दाब वाचून फूट सांगायचे तर मधे ठरलेले कोष्टक हवे. म्हणून मध्य अक्षांशांतल्या, म्हणजे साधारण युरोप-अमेरिकेकडच्या हवेची सरासरी धरून एक कोष्टक तयार झाले, आणि १९५२ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ते जगासाठी स्वीकारले. त्याला प्रमाण वातावरण म्हणतात. ते मोंढ्यातल्या किलोच्या वजनासारखे आहे. वजनाशिवाय ज्वारी मोजता येत नाही, पण वजन म्हणजे ज्वारी नव्हे. आमच्या मुलांची गफलत इथेच होते. पाठ केलेले आकडे हीच हवा, असे धरून ती परीक्षा पास होतात, आणि मग खरी हवा भेटली की गोंधळतात. या पुस्तकात प्रमाण वातावरण सगळीकडे आहे, पण प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी आपले आभाळ ठेवले आहे. दोन्हींतला फरक मोजता येणे, एवढेच वैमानिकाला वातावरणाबद्दल खरोखर यावे लागते.

एक हिशेब इथेच करू. येलदरीचे धरण पूर्ण भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४६१.७७ मीटर असते, म्हणजे १५१५ फूट. त्या पाण्याच्या काठाला एक धावपट्टी आहे असे समजा. कोष्टकाप्रमाणे हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते, तेव्हा या उंचीवर ते बारा अंश असायला हवे. मे महिन्यातल्या दुपारी तिथे ४३ अंश असणे ही काही बातमी नव्हे. फरक पडला ३१ अंशांचा. वैमानिकांचा ढोबळ नियम असा, की कोष्टकापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशाला १२० फूट धरायचे. ३१ गुणिले १२० म्हणजे ३७२०. त्यात जमिनीचे १५१५ मिळवले की ५२३५ फूट. उन्हाळ्यात दाबही कोष्टकापेक्षा कमी असतो, त्याचे आणखी दोन-तीनशे फूट धरा. परीक्षेत याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. मी घनता-उंची म्हणतो. अर्थ एवढाच, की हवा इतकी विरळ झाली आहे की विमान आपण त्या उंचीवर आहोत असे समजून वागते.

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. मे महिन्यातल्या दुपारी येलदरीच्या काठावर उभे असलेले छोटे विमान जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे असते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये प्रत्येक झटक्याला कमी हवा शिरते, म्हणून ताकद घटते. पंख्याची पाती विरळ हवा कापतात, म्हणून ओढ घटते. तेवढीच लिफ्ट मिळवायला विमानाला जमिनीवर जास्त वेगाने धावावे लागते. तीन नुकसाने एकदम होतात आणि धावपट्टी मात्र जेवढी होती तेवढीच राहते. गंमत अशी, की वेग दाखवणारा काटा यातले काहीच सांगत नाही. तोही हवेच्या दाबावरच चालतो, त्यामुळे हवा विरळ झाली की विमान प्रत्यक्षात आठेक टक्के जास्त वेगाने पळत असताना काटा नेहमीचाच आकडा दाखवत राहतो.

आता हाच हिशेब डिसेंबरातल्या पहाटेचा करा. पारा आठ अंशांवर, म्हणजे कोष्टकापेक्षा चार अंश कमी. घनता-उंची हजार फुटांच्या आसपास येते. तीच धावपट्टी, तेच विमान, तेवढेच पेट्रोल, आणि दोन ऋतूंत चार हजार फुटांचा फरक. आमच्याकडची मुले उड्डाण शिकायला बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी जातात. तिथला उन्हाळाही काही महाबळेश्वरचा नव्हे. दुपारचे विमान सकाळच्यासारखे का उचलले जात नाही, हे त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात पाठीच्या मणक्यातून कळते. कारण आधी माहीत असले तर बरे.

दाबाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो दिसत नाही आणि जाणवतही नाही. समुद्रसपाटीला एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे दहा टन हवा उभी असते. तिच्या तळाशी आपण राहतो, आणि तळाची हवा वरच्या हवेच्या ओझ्याने दाबली जाते, अगदी कडब्याच्या गंजीत खालच्या पेंढ्या दबतात तशी. म्हणून हवा वर सरळ हिशेबाने नव्हे तर झपाट्याने विरळ होते. सुमारे साडेपाच किलोमीटरवर, म्हणजे अठरा हजार फुटांवर, निम्मी हवा तुमच्या खाली गेलेली असते. तीस किलोमीटरवर पोहोचलात तर नव्व्याण्णव टक्के. जिला आपण अथांग आभाळ म्हणतो तिचा बहुतेक ऐवज जिंतूर ते परभणी या रस्त्याहून कमी अंतरात भरलेला आहे.

अनेक मोबाइल फोनमध्ये आता दाबमापक असतो. तुमच्या फोनमध्ये असेल तर तो घेऊन नेमगिरीच्या डोंगरावर जा. बहुतेक लोक तिथे जैन लेण्यांसाठी जातात. तुम्ही हेक्टापास्कलसाठी जा. पायथ्याचा आकडा लिहून ठेवा आणि चढत असताना पाहत राहा. आपल्या उंचीवर, आपल्या तापमानाला, साधारण नऊ मीटर चढले की एक हेक्टापास्कल कमी होतो. वर थांबून फरकाला नऊने गुणलेत की डोंगर तुम्ही मोजलात. विमानाचा उंचीमापक हेच करतो, फक्त त्याचे फूट इंग्रजी पद्धतीचे.

हाच फोन घरी टेबलावर ठेवून दिवसभर पाहिलात तर आणखी एक गोष्ट दिसेल, जी युरोपातल्या विद्यार्थ्याला सहसा दिसत नाही. सकाळी दहाच्या सुमारास दाब वर जातो, दुपारी चारला खाली येतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला उतरतो. उष्ण कटिबंधात ही भरती-ओहोटी इतकी नियमित असते की ढगांचा नि पावसाचा गोंधळ नसेल तर तिच्यावरून वेळ सांगावी. ऋतूंचा चढउतार याहून मोठा. समुद्रसपाटीला आणलेला आपला दाब हिवाळ्यात १०१५ च्या आसपास असतो, तर मे ते जुलैत हजाराच्या जवळ उतरतो. उंचीमापकावर तुम्ही १०१३ ठेवले आणि खरा दाब १००३ असला, तर काटा तुम्हाला आहात त्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट उंच दाखवेल. निरभ्र दुपारी याने काही बिघडत नाही. पावसाळी संध्याकाळी, बालाघाटच्या डोंगरांवर ढग टेकलेले असताना, तीनशे फूट म्हणजे सगळेच.

हवा कशाची बनली आहे, हे सातवीतल्या मुलालाही येते: ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याहून थोडा कमी अरगॉन, आणि उरलेल्या चिमटीत कार्बन डायऑक्साइड व इतर वायू. हे प्रमाण जमिनीपासून सुमारे ऐंशी किलोमीटरपर्यंत जवळपास तेच राहते. इथे मला दोन गैरसमजांशी भांडायचे आहे.

पहिला गैरसमज: वर ऑक्सिजन कमी असतो. नसतो. जिंतूरच्या बसस्थानकावर शंभरातले एकवीस रेणू ऑक्सिजनचे, तसेच एव्हरेस्टवरही. कमी होतो तो दाब, आणि फुप्फुसाला टक्के कळत नाहीत, दाब कळतो. फुप्फुसातून ऑक्सिजन रक्तात ढकलला जातो तो दाबाने. पस्तीस हजार फुटांवर तो ढकलणारा दाब जमिनीवरच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. तिथे मुखवट्याशिवाय माणसाला धड निर्णय घेता येतील असा वेळ अर्धा ते एक मिनिट मिळतो, पंचवीस हजारांवर तीन ते पाच मिनिटे. आणि यातला खरा धोका गुदमरण्याचा नाही. माणसाला बरे वाटते, हलके वाटते, आपण हुशारीने विमान चालवत आहोत असेच वाटत राहते. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका प्रवासी विमानात केबिनचा दाब राखणारी यंत्रणा चालू करायची राहून गेली. विमान चढत गेले, मुखवटे खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले, आणि विमान मुंबईला परत फिरले. हवेची टक्केवारी त्या वेळीही एकवीसच होती.

दुसरा गैरसमज: दमट हवा जड असते. जुलैत अंगाला चिकटणारी हवा जड वाटते खरी, पण पाण्याचा रेणू १८ वजनाचा, नायट्रोजनचा २८ आणि ऑक्सिजनचा ३२. जड रेणू हटवून हलका बसवला तर हवा हलकीच होणार. म्हणून उकाडा आणि दमटपणा एकत्र आले की विमानाच्या दृष्टीने हवा आणखी थोडी विरळ.

पाण्याची वाफ वरच्या टक्केवारीत धरत नाहीत, कारण ती एका जागी टिकत नाही; वाळवंटात जवळजवळ शून्य, तर दमट किनाऱ्यावर चार टक्क्यांपर्यंत. माझ्या मते मात्र वैमानिकाच्या दृष्टीने हवेतला सगळ्यात महत्त्वाचा घटक तोच. नायट्रोजनने आजवर कुणाचे विमान अडवलेले नाही. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणले की ढगाचा तळ किती मीटरवर असेल ते साधारण कळते. मे महिन्यात तापमान ४२ आणि दवबिंदू १४ असेल तर तळ साडेतीन किलोमीटरवर. इतक्या उंचीवरून पडणारा वळीव बऱ्याचदा जमिनीला पोहोचतच नाही. वाटेतल्या कोरड्या हवेत वाळून जातो. शेतकरी वर बघत राहतो, आणि खाली फक्त गार वाऱ्याचा लोट येऊन आदळतो. पाऊस वाळताना हवा गार पडते, गार हवा जड होते आणि कोसळते. उतरणाऱ्या विमानाला हा लोट आधी समोरून उचलतो आणि पुढच्या काही सेकंदांत पाठीमागून ढकलून आपटतो. जुलैत हेच आकडे २९ आणि २३ असतात. तेव्हा ढगाचा तळ साडेसातशे मीटरवर येतो, आणि अडचण वाऱ्याच्या लोटाची नसून समोरचा डोंगर न दिसण्याची असते.

वाफेबरोबर धूळही मोजली पाहिजे. ढगाचा थेंब कशाभोवती तरी जमतो, आणि ते कण आपल्या नांगरटीतून, चुलीतून, समुद्राच्या मिठातून येतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने २००९ पासून विमाने थेट ढगांत नेऊन हे कण आणि थेंब मोजले. २०१५ आणि २०१९ च्या टंचाईत कृत्रिम पावसासाठी तेव्हाच्या औरंगाबादहून विमाने उडाली, ती आपल्याला आठवतात ती पाऊस पडला की नाही या वादासाठी. मला त्यातून एक वेगळीच खंत राहिली. आपल्या डोक्यावरच्या ढगांत शिरणारी माणसे आपल्याच मराठवाड्यातून जात होती, आणि आमच्या एकाही विद्यार्थ्याला त्यांना प्रश्न विचारायची संधी मिळाली नाही.

आता थर. आपल्या शाळेच्या भूगोलाने दिलेले शब्दच मी ठेवले आहेत: तपांबर, स्थितांबर, मध्यांबर. तपांबर हा शब्द ज्याने घडवला त्याने मराठवाड्यात एखादा उन्हाळा काढला असावा, असे मला उगीच वाटते. या थराला ऊन वरून तापवत नाही. ऊन जमीन तापवते आणि जमीन हवेला. म्हणून खालून वर जाताना तापमान उतरते, आणि म्हणूनच हा थर सतत ढवळला जातो. वावटळ, वळीव, गारपीट, मान्सून, धुई, सगळा संसार याच थरातला.

कोष्टकात तपांबराची कमाल उंची अकरा किलोमीटर आणि तिथले तापमान उणे ५६.५ अंश. त्यानंतर उतार थांबतो. त्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. युरोपात हे बऱ्यापैकी जुळते, कारण शोधही तिथलाच. तेसेराँ द बोर या फ्रेंच संशोधकाने पॅरिसजवळून दोनशेहून अधिक फुगे सोडून, वर कुठेतरी थंडी वाढायची थांबते, हे १९०२ साली जाहीर केले. आपल्याकडे मात्र अकरा किलोमीटरवर काही थांबत नाही. तिथे तापमान कोष्टकापेक्षा दहा-पंधरा अंश जास्तच असते, पण उतरण चालू राहते आणि सोळा-सतरा किलोमीटरवर उणे पंचाहत्तर-ऐंशीला जाऊन टेकते. पृथ्वीच्या सगळ्यात तापलेल्या पट्ट्याच्या डोक्यावर तपांबराची सगळ्यात थंड कड आहे, हे ऐकायला उलटे वाटते. हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांनी आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींचा आधार घेऊन १९२९ साली 'नेचर' या नियतकालिकात हे चित्र मांडले. आमच्या पाठ्यपुस्तकांत फ्रेंच नाव असते, रामनाथन नसतात.

याचा उपयोग काय, तर पुस्तके सांगतात की मोठी जेट विमाने हवामानाच्या वर, स्थितांबरातून उडतात. लंडनवरून जाणारे विमान अकरा-बारा किलोमीटरवर कदाचित असेलही तिथे. जिंतूरवरून रात्री दिवे लुकलुकवत जाणारे विमान त्याच उंचीवर तपांबरातच असते, आणि त्याच्या वर आणखी चार-पाच किलोमीटर हवामान शिल्लक असते. एप्रिल-मेमधला गडगडाटी ढग पंधरा किलोमीटरच्या वर डोके काढतो. त्याच्या वरून जाऊ असे म्हणायची सोय आपल्या आभाळात नाही. बाजूनेच जावे लागते, आणि तेही ऐसपैस अंतर ठेवून. शून्य अंशाची पातळी कोष्टकात २.३ किलोमीटरवर येते. पावसाळ्यात आपल्याकडे ती पाचच्या वर असते. त्या पातळीच्या वर ढगात थेंब गोठलेले नसतानाही शून्याखाली असतात आणि विमानाला लागताच बर्फ होतात. ढगाच्या जोरदार उभ्या झोताने तेच थेंब वर-खाली फिरून गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात काय पडले ते ज्यांनी पाहिले त्यांना गारेचा आकार सांगायला नको. उभा गहू आणि फळबागा जिने झोपवल्या ती गार आधी विमानाच्या उंचीवर तयार झाली होती.

स्थितांबराशी मात्र आमचा संबंध थेट आहे, जरी बहुतेकांना तो फक्त वर्तमानपत्रातल्या निवेदनापुरता माहीत असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादला फुग्यांचे केंद्र आहे. तिथून हायड्रोजन भरलेले, पातळ पॉलिथिनचे प्रचंड फुगे रात्री किंवा पहाटे सोडतात. ते तीस ते बेचाळीस किलोमीटरपर्यंत चढतात, काही तास वाऱ्याबरोबर वाहतात, आणि मग उपकरणांच्या पेट्या रंगीत पॅराशूटला टांगून खाली येतात. त्या कुठे पडू शकतील अशा जिल्ह्यांच्या यादीत मराठवाडा असतो, परभणीही असते. निवेदनाचा मजकूर ठरलेला: पेटी उघडू नका, हलवू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा डाकघराला कळवा. तुरीच्या रानात उतरलेली पांढरी पेटी कुणाला बाँब वाटते, कुणाला आणखी काही. मला ती शिकवण्याचे साहित्य वाटते. त्या पेटीने एका रात्रीत काय काय पाहिले असेल ते लावून बघा. सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत मरणाची थंडी, त्यानंतर पुन्हा हळूहळू ऊब, कारण ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून हवेला वरून तापवतो. खाली जड आणि वर हलकी, वर उबदार आणि खाली थंड, अशी रचना झाली की ढवळणे बंद पडते. म्हणून हा थर 'स्थित'. दाब जमिनीच्या शंभराव्या हिश्श्यावर आणि त्याहूनही खाली, म्हणून जमिनीवरून सुटताना लिबलिबीत लोंबणारा फुगा वर टम्म फुगलेला.

याच हैदराबादी फुग्यांनी जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने वरच्या हवेचे नमुने आणले होते, आधी २००१ साली आणि पुन्हा २००५ च्या एप्रिलमध्ये. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या वीस ते एकेचाळीस किलोमीटरच्या दरम्यान उघडून बंद करायच्या, असा तो प्रयोग. २००९ साली इस्रोने जाहीर केले, की त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे नाव दिले, दुसरीला इस्रोचे, तिसरीला आर्यभटाचे. ते जिवाणू खालून गेले की बाहेरून आले, यावर वाद घालायला हरकत नाही. पण हवेच्या घटकांची यादी लिहून झाली असे समजून वही मिटणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

त्याच्या वरचे थर शिकाऊ वैमानिकाने परीक्षेपुरते वाचावेत. पन्नास किलोमीटरनंतर मध्यांबर, तिथे तापमान पुन्हा उतरत उणे नव्वदच्या आसपास जाते. त्याच्याही वर हवा नावापुरती. सूर्यकिरणांनी तिचे रेणू विजेचा भार घेऊन फिरतात. या शेवटच्या गोष्टीचा अनुभव जुन्या माणसांना आहे. परभणी आकाशवाणी ऐकण्यासाठी ठेवलेल्या मध्यम लहरींच्या रेडिओवर रात्र पडली की लांबलांबची केंद्रे घुसत. दिवसा या लहरी शोषणारा खालचा विद्युतभारित थर सूर्य मावळताच विरतो आणि वरचा थर त्यांना परत खाली पाठवतो. मध्यम लहरींच्या जवळच्या पट्ट्यात चालणारे दिशादर्शक विमानात रात्री अधूनमधून चुकीची दिशा दाखवतात ते याच कारणाने.

पुस्तकातल्या शब्दांबद्दल एकच सांगायचे. समजण्यासाठी मराठी वापरली आहे, पण क्यूएनएच, लॅप्स रेट, इन्व्हर्जन हे शब्द तसेच ठेवले, कारण परीक्षेत आणि रेडिओवर तेच लागतात. उंची फुटांत आणि मीटरमध्ये अशी मिसळलेली दिसेल. त्याला माझा इलाज नाही. विमाने फुटांत चढतात आणि धरणे मीटरमध्ये भरतात.

इन्व्हर्जन म्हणजे तापमानाचा उलटा उतार. तो पाहायला उपकरण लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गावाबाहेर रानात जा. रात्रभर निरभ्र आभाळाखाली जमीन उष्णता सोडत राहते, तिला लागून असलेली हवा गारठते, आणि शे-दोनशे फुटांवरची हवा तिच्याहून उबदार राहते. त्या दिवसांत परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदलेला पारा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर असतो. आखाड्यावरच्या चुलीचा धूर सरळ वर जातो, लिंबाच्या शेंड्याच्या थोडा वर पोहोचतो आणि जणू छताला लागल्यासारखा आडवा पसरतो. त्या छताखाली धूर, धूळ आणि ओलावा अडकून राहतो. ओलावा पुरेसा असला की धुई धरते, आणि तुरीचा बहर गळणार म्हणून शेतकरी चरफडतो. धावपट्टीवरचा शिकाऊ वैमानिकही तेव्हा चरफडत बसलेला असतो. वरून सरळ खाली पाहिले तर धावपट्टी स्पष्ट दिसते. उतरायला तिरपे आले की ती त्याच पातळ थरात गडप होते.

उन्हे आली की पारा चढू लागतो. आठ, नऊ, दहा. येलदरीच्या पातळीला कोष्टकातले तापमान बारा अंश. त्या मुलाला मी पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे तापमापक घेऊन बोलावले. आठ वाजून गेल्यावर काही मिनिटे पारा बारावर होता. मी म्हणालो, बघ, सापडलं तुझं गाव. त्याने धुराच्या आडव्या पट्टीकडे पाहिले आणि म्हणाला, "जमिनीपुरतंच, सर. वर अजून उलटंच आहे."

जिंतूर